घमेल्याचं वजन घड्याळाला कळत नाही

जवळपास निम्म्या प्रौढ भारतीयांची शारीरिक हालचाल अपुरी पडते, हे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ मध्ये सांगितलं. ती बातमी वाचताना अनेकांनी मनगटावरच्या घड्याळात दिवसाची पावलं पाहिली असतील. पण मोजायचा असतो तो फक्त व्यायामच का? जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली कामावरची मेहनत आणि येण्याजाण्यातलं चालणं, सायकल चालवणं हेही वेगवेगळं विचारते.

कामावरच्या हालचालीचं मोल दाखवून दिलं लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी. एकाच दुमजली बसमधले दोघे: ड्रायव्हर पाळीभर बसून, कंडक्टर दिवसाला शेकडो पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी, असं त्यांनी १९५३ मध्ये मांडलं. मुळात जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील, ही शंकाही त्यांनी सोडली नाही. त्यासाठी गणवेशाच्या विजारींची मापं तपासली. ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली खरी; पण बारीक असो वा जाड, कंडक्टरचंच हृदय अधिक सुरक्षित होतं. आपल्या दुमजली ‘बेस्ट’मध्ये पंच टकटकवत जिना चढणारा कंडक्टर आठवला की हे लगेच पटतं.

मग मेहनतीचं प्रत्येक काम तब्येतीला चांगलंच? तसं नाही. कोपनहेगनमधल्या लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात (२०२१) फावल्या वेळातल्या व्यायामाने धोका घटलेला दिसला, कामावरच्या जड मेहनतीने मात्र वाढलेला. अभ्यासक आंद्रेआस होल्टरमन याचं कारण विश्रांतीत शोधतात. धावणारा दमला की थांबतो. ओझं वाहणाऱ्याला थांबायची मुभा नसते. तासन् तास नाडी आणि रक्तदाब चढलेले राहतात.

स्लॅबचं काम चालू असलेल्या इमारतीखाली जरा उभं राहून बघा. बिगारी बाई डोक्यावर चुंबळ ठेवते, घमेलं उचलून घेते आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून जिना चढते. मनगटावरचा पट्टा हाताच्या हेलकाव्यावरून पावलं ओळखतो. तिचे हात हलतच नाहीत, त्यामुळे तिची कितीतरी पावलं हिशेबातून निसटतील. डोक्यावरचं वजन तर त्याला कळणारच नाही.

म्हणून कामगारांची हालचाल जरूर मोजावी, पण ओझं किती, सलग किती वेळ आणि मध्ये बसायला सावली मिळाली का, हेही त्याच वहीत लिहावं. ऑफिसातल्या माणसाला खुर्चीतून उठवायला हवं. या बाईला घटकाभर बसू द्यायला हवं.