१४२-० नंतर

रग्बीत स्क्रमच्या पुढच्या ओळीत खेळलेला माणूस कानांवरून ओळखता येतो. माझे दोन्ही चुरगळलेले आहेत. मुंबईच्या पावसाळी चिखलात प्रॉप म्हणून खेळलो, त्याची ही कमाई. म्हणूनच न्यूझीलंडच्या चपळ पळणाऱ्यांपेक्षा रोमानिया, जॉर्जिया, उरुग्वेच्या आडदांड गड्यांवर माझा जीव जास्त.

स्क्रम म्हणजे आठ विरुद्ध आठ, खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी केलेली रेटारेटी. वेग एकवेळ उपजत असेल; रेटायचं कसब बरोबरीच्या गड्याशी झुंजूनच येतं. आणि लहान देशांना तोच मिळत नाही. युरोपातले सहा बडे आपापसांत ‘सिक्स नेशन्स’ खेळतात, दक्षिण गोलार्धातल्या बड्यांची वेगळी स्पर्धा. बाकीच्यांनी शेजाऱ्यांशी खेळायचं आणि चार वर्षांनी विश्वचषकात एकदम न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’समोर उभं राहायचं. २००३ च्या विश्वचषकात ॲडलेडला ऑस्ट्रेलियानं नामिबियाला १४२-० असं चिरडलं. असल्या सामन्यातून हरणारा काय शिकणार? जिंकणाराही काही शिकत नाही.

ही दरी बुजवायला आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळानं २००६ मध्ये लिस्बनला ‘नेशन्स कप’ सुरू केला. पुढच्या वर्षी तो बुखारेस्टला गेला आणि तिथेच रुजला. साधारण जूनमध्ये, थोडक्या दिवसांत प्रत्येकाला तीन सामने. होतकरू देशांबरोबर बड्यांचे ‘अ’ संघ, म्हणजे दुसऱ्या फळीतले खेळाडू. २००७ आणि २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा असाच संघ चषक घेऊन गेला. मला ते खटकलं होतं. गरिबाघरच्या पंगतीत पाटलाच्या पोरानं पहिलं पान मांडून घ्यावं, तसं. पण तीन सामन्यांत एखादा तरी असा कठीण हवाच, हेही खरं.

बुखारेस्टची निवड उगाच नव्हती. १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये रोमानियानं रग्बीत कांस्यपदक घेतलं होतं (संघ तीनच होते, ते सोडा). १९८३ मध्ये तर त्यांनी वेल्सला २४-६ असं लोळवलं. मग डिसेंबर १९८९ ची क्रांती आली. लष्करात अधिकारी असलेला त्यांचा फॉरवर्ड फ्लोरिका मुरारिउ त्या धामधुमीत गोळी लागून गेला. सैन्य आणि सरकारी खात्यांच्या आधारावर उभे असलेले क्लब पुढे खचत गेले. अशा देशाला घरच्या मैदानावर दरवर्षी बरोबरीचे सामने मिळाले आणि त्यानं हा चषक चार वेळा जिंकला.

२०१० मध्ये मात्र बुखारेस्टला अजिंक्य ठरला तो नामिबिया. रोमानिया, जॉर्जिया आणि स्कॉटलंडचा ‘अ’ संघ, सगळे मैदानात असताना. २०१५ च्या विश्वचषकात याच नामिबियाला न्यूझीलंडनं ५८-१४ असं हरवलं. पण योहान डायझलनं ऑल ब्लॅक्सवर ट्राय केला, म्हणजे चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. पराभव पराभवच, पण १४२-० बघितलेल्या माणसाला त्या चौदा गुणांची किंमत कळते.

२०१७ पासून स्पर्धा मोंतेविदेओला गेली आणि उरुग्वेनं सलग तीनदा ती जिंकली. जेमतेम ३५ लाख वस्तीचा, फुटबॉलवेडा देश. तिसऱ्या विजयाच्याच वर्षी, २०१९ च्या सप्टेंबरात, जपानमधल्या कामाइशीला, त्यांनी फिजीला ३०-२७ असं हरवलं. कर्णधार गामिनाराला मुलाखतीत अश्रू आवरेनात. नेशन्स कपामुळेच हे झालं, असं मी म्हणणार नाही. पण दर जूनला घरच्या मैदानावर जिंकायची सवय लागलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत डगमगत नाही, एवढं मी स्वतः खेळलोय म्हणून सांगतो.

२०२७ च्या विश्वचषकात वीसऐवजी चोवीस संघ आहेत. जागा वाढल्या, तरी १९९९ पासून सलग सात विश्वचषक खेळलेल्या नामिबियाला आफ्रिकेच्या पात्रता फेरीच्या अंतिम सामन्यात, कंपालाला, झिम्बाब्वेनं ३०-२८ असं हरवलं. दोन गुणांनी! झिम्बाब्वे १९९१ नंतर प्रथमच विश्वचषकात जातोय, आणि त्यांची पुढची ओळ कशी रेटते हे मला बघायचंय.