टाकीतला गंज आणि धुण्याचा सोडा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात येझदी मोटरसायकल तयार होणं 1996 साली थांबलं. पण कुपवाडसारख्या एमआयडीसीच्या गावात जुनी येझदी घरच्या अंगणात पुन्हा उभी करता येते. लेथ आणि वेल्डिंगवाले जवळच असतात.

बंद गाडीचा खरा शत्रू टाकीत असतो. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंजाचे पापुद्रे सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटचं बारीक भोक बुजवतात.

त्यावर उपाय धुण्याच्या सोड्याचा. टाकी पूर्ण रिकामी करून, पेट्रोलचा वास जाईपर्यंत धुवा. मग सोड्याच्या पाण्याने भरा. तोंडातून साधी लोखंडी सळई आत सोडा. ती टाकीला टेकता कामा नये. 12 व्होल्टच्या चार्जरची ऋण वायर टाकीला, धन सळईला जोडा. टाकीकडे येणारे इलेक्ट्रॉन गंजाचं रूप पालटतात, हायड्रोजनचे बुडबुडे तो सैल करतात. काही तासांत सळईवर तपकिरी गाळ साचतो.

हायड्रोजन पेट घेतो, म्हणून काम उघड्यावरच करा. स्टेनलेस स्टीलची सळई नको. तिच्यातून विषारी क्रोमियम सुटतं. शेवटी टाकी धुऊन लगेच वाळवा आणि आतून तेलाचा हात फिरवा. ओलं, उघडं लोखंड तासाभरातही पुन्हा गंजू लागतं.