तरुण स्त्रियांचा पक्षाघात : वारसा आणि सावधगिरी

पक्षाघात म्हटले, की साठी उलटलेला, रक्तदाबाचा रुग्ण डोळ्यांपुढे येतो. पण पंचविशी-तिशीतल्या स्त्रियांनाही तो गाठतो आणि बऱ्याचदा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. मग कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते बाहेरचे झाले. खरे कारण रक्तात असते आणि त्याचा काही भाग जन्मतःच मिळालेला असू शकतो.

मुठा खोऱ्यातल्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. भातखाचरात पाणी येण्याची वाट बंद झाली, तर रोपे सुकतात. जादा पाणी बाहेर जाण्याची वाट तुंबली, तर बांध फुटतो. उतारवयात बहुधा मेंदूला रक्त पुरवणारी धमनी बंद होते. बाळंतिणीत मात्र पुष्कळदा मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते. मागे रक्त तुंबते, सूज येते, कधी रक्तस्रावही होतो.

रक्त गोठणे ही मुळात शरीराची सोयच आहे. ते प्रमाणात राहावे म्हणून प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन हे लगाम असतात. काही घराण्यांत यांपैकी एखाद्याचे जनुक सदोष असते. नेदरलँड्समधल्या लायडन येथे १९९४ मध्ये असाच आणखी एक दोष सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो शंभरांत सुमारे पाच जणांत असतो, आपल्याकडे बराच कमी. असे दोष आईकडून येतात तसे वडिलांकडूनही येतात. दोघांपैकी एकात दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

मात्र नुसत्या जनुकाने सहसा झटका येत नाही, त्याला निमित्त लागते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रक्त अधिक गोठू लागते. त्यात ‘बाळंतिणीला पाणी बाधते’ म्हणून ते कमी दिले, की भर पडते. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्यासाठी परस्पर घेतलेल्या गोळ्या हे दुसरे निमित्त. तिसरे आहाराचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ते कमी पडले, की रक्तात होमोसिस्टीन वाढते आणि गुठळीचा धोकाही वाढतो.

म्हणजे जनुक बदलता येत नसले, तरी निमित्त टाळता येते. आई, वडील, मावशी, आत्या, भावंडे यांपैकी कुणाला कमी वयात पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झाली असेल, तर गरोदरपणी आणि कोणतीही संप्रेरकाची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र मनाने बंद करू नये. रक्ततपासणी सर्वांनाच लागत नाही. प्रोटीन एस गरोदरपणी एरवीही घटते, त्यामुळे तपासणी कधी करायची हे तज्ज्ञानेच ठरवावे.

बाळंतिणीचे डोके सतत व वाढत्या प्रमाणात दुखणे, उलट्या, अंधुक दिसणे, फीट येणे, हात-पाय लुळा पडणे या खुणा दिसल्या, तर अंगारा-धुपारा करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुठ्याहून पिरंगुटमार्गे पुणे गाठता येते; मौल्यवान वेळ जातो तो घरात, ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणण्यात. गुठळी लवकर ओळखून रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले, तर बहुतेक जणी बऱ्या होऊन आपल्या बाळाकडे परततात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)