गल्लीबोळातलं टोकियो

टोकियो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उंचच उंच इमारती, झगमगते दिवे आणि माणसांनी गच्च भरलेल्या गाड्या! हे सगळं तिथं आहेच. पण मला आठवतं ते टोकियो जरा वेगळं. मुळ्याचा नैवेद्य घेणाऱ्या गणपतीचं, गुडघे दुखणाऱ्या आज्यांचं आणि भांड्यांच्या दुकानांनी भरलेल्या एका लांबलचक रस्त्याचं.

२०१८ च्या सप्टेंबरात मी लेकीकडे गेले, तीन महिने राहिले. ह्यांना दुकान सोडून येणं जमलं नाही, त्यामुळे एवढा प्रवास पहिल्यांदाच एकटीनं. लेक राहायची निशी-कासाईला. टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा भागातली ही वस्ती. २००० च्या सुमारास कॉम्प्युटरच्या कामासाठी आपल्याकडची मुलं तिकडे जायला लागली. इथून ऑफिसांच्या भागात एकाच मेट्रोनं थेट जाता येतं, म्हणून बरीच जणं इथंच स्थिरावली. त्यामुळे डाळी, हिंग, कणीक यांची काही ददात नाही. रस्त्यात हिंदी तर हमखास कानावर पडतं, कधी मराठीसुद्धा!

पण लेक-जावई सकाळीच ऑफिसला, नातू शाळेत. आठ दिवस मी खिडकीत बसून काढले. समोरून पिवळ्या टोप्या घातलेली पहिलीतली पोरं पाठीवर दप्तर टाकून आपली आपण शाळेत जायची. ती बघत बसायचे. शेवटी लेकच म्हणाली, "आई, अशी किती दिवस बसणार? हे कार्ड घे आणि फिरून ये."

"अगं, मला ना भाषा येत, ना रस्ते माहीत!"

"रस्त्यांना इथं नावंच नसतात बहुतेक. सापडलं नाही तर कोबानात जा."

कोबान म्हणजे नाक्यावरची छोटीशी पोलीस चौकी. तिथले पत्ते रस्त्यांच्या नावांवर नाहीत, तर भाग, मग त्यातला गट, मग घर असे आकड्यांवर चालतात. त्यामुळे जपानी माणसंही पत्ता विचारायला चौकीत जातात. पोलीस भला मोठा नकाशा उघडून बोटानं वाट दाखवतात. पोलीस चौकीची पायरी आनंदानं चढायची असते, हे मला तिथंच कळलं.

आता माझी अडचण सांगते. आमच्या वाईत घराबाहेर पाऊल टाकलं की दोघी जणी तरी विचारतात, "कुठं निघालात वहिनी?" आणि आपण कुठंतरी निघालेलोच असतो. दळण, भाजी, बँक, कुणाकडचं हळदीकुंकू. काहीही काम नसताना, नुसतं बघायला म्हणून एकटीनं घराबाहेर पडणं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच घडत होतं. छातीत धडधडत होतं, खोटं कशाला बोलू?

पहिल्यांदा गेले असाकुसाला. वाटेत गाडी बदलून गिंझा लाइन घ्यायची. ही भुयारी रेल्वे १९२७ सालापासून चालू आहे. लाल कंदिलाची मोठी वेस ओलांडली की दुतर्फा दुकानं आणि शेवटी सेन्सोजी मंदिर. इसवी सन ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोन देवतेची मूर्ती आली, अशी कथा सांगतात. देवळापुढे मोठ्या पात्रात उदबत्त्या जळत असतात. बायका तो धूर ओंजळीनं डोक्यावर, खांद्यावर घेतात, अगदी आपण आरती घेतो तसा. १९४५ च्या मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यात हे देऊळ जळालं. आज दिसतं ते १९५८ मध्ये पुन्हा बांधलेलं.

तिथून नदीच्या कडेनं दहा मिनिटं चाललं की एक छोटी टेकडी लागते, मात्सुचियामा. वर जे देऊळ आहे, त्यातला देव म्हणजे चक्क आपला गणपती! बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीन आणि चीनमधून जपान असा प्रवास करत तो इथं पोचला. नाव झालं शोतेन. मूर्ती मात्र बघायला मिळत नाही, ती कायम झाकलेली. नैवेद्याला मोदकाऐवजी पांढराशुभ्र, मनगटाएवढा जाड मुळा! मुळा म्हणजे आरोग्य आणि घरातला सलोखा, आणि जागोजागी कोरलेली थैली म्हणजे व्यापारातली बरकत. वाढवलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून भाविकांना देतात. मलाही एक मिळाला. संध्याकाळी त्याची दही घालून कोशिंबीर केली. नातू म्हणाला, "आजी, गणपतीचा मुळा तिखट का नाही गं?" वाईच्या ढोल्या गणपतीपुढे कृष्णा वाहते आणि इथं टेकडीखालून सुमिदा. परक्या मुलुखात आल्याची भीती माझ्यापुरती त्या टेकडीवरच संपली.

मग काय, मला वेडच लागलं. आठवड्यातून तीन दिवस, एका दिवशी एकच वस्ती. बघायचं ते पायी बघायचं.

असाकुसाच्या जवळच कप्पाबाशी नावाचा रस्ता आहे. पाऊण-एक किलोमीटर नुसती स्वयंपाकघराची दुकानं! सुऱ्या, किसण्या, वाडगे, कढया, झारे. एका इमारतीवर तर उंच टोपी घातलेल्या आचाऱ्याचं भलं मोठं डोकं बसवलंय. हॉटेलांच्या काचेच्या कपाटात ठेवायचे खोटे पदार्थही इथंच मिळतात, इतके हुबेहूब की भूक लागावी. मी एक सुरी घेतली. दुकानदारानं पात्यावर नाव कोरून देऊ का, असं खुणेनं विचारलं. आमच्या घरातल्या सगळ्या भांड्यांवर ह्यांचं नाव आहे. या सुरीवर माझं आहे.

सगळ्यात जीव जडला तो सुगामोवर. तरुणांचं हाराजुकू, तसं हे आज्यांचं हाराजुकू म्हणतात. आराकावाची एक डब्याची ट्राम जवळच थांबते. बारा किलोमीटर घरांच्या परसांना खेटून जाते ती! जवळच्या बाजारात दरांच्या पाट्या मोठ्या अक्षरात, लाल रंगाच्या आतल्या कपड्यांचं प्रसिद्ध दुकान (लाल रंगानं अंगात ऊब आणि बळ राहतं, असा समज), आणि लाल कडधान्याचं गोड सारण भरलेले खारट-गोड दाइफुकू. पुरणाच्या जवळचं काही टोकियोत खाल्लं असेल तर ते हेच. तारखेत चार आला, म्हणजे ४, १४ आणि २४ ला, की इथं जत्रा भरते.

इथल्या कोगान्जी देवळात कान्नोनची एक दगडी मूर्ती आहे. आपला जो अवयव दुखतो, तो मूर्तीचा ओल्या फडक्यानं पुसायचा. रांगेत माझ्यापुढे एक वाकलेली आजी होती. तिनं मूर्तीचा गुडघा पुसला, वळून माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. मीही माझ्या गुडघ्यावर ठेवला. दोघी खुदकन हसलो. एकही शब्द न बोलता आमच्या पुष्कळ गप्पा झाल्या!

यानाका ही तशीच जुनी वस्ती. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले या दोन्हींतून बरीचशी वाचलेली. लाकडी घरं, देवळं, दारातल्या कुंड्या, उन्हात लोळणारी मांजरं. तिथल्या पायऱ्यांवर बसून लोक मावळता सूर्य बघतात. संध्याकाळ झाली की वस्त्यावस्त्यांतल्या खांबांवरच्या भोंग्यांतून एक संथ धून वाजते. संकटाच्या वेळी सूचना देणारे हे भोंगे नीट चालू आहेत ना, याची ती रोजची तपासणी, आणि खेळणाऱ्या मुलांना घरी जा सांगणारी खूणही.

टोकियो म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणणार नाही. सकाळच्या गर्दीत काही गाड्यांना बायकांचा वेगळा डबा असतो. तो का लागतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बाकावर एकट्याच बसलेल्या म्हाताऱ्याही पुष्कळ दिसल्या. पण तिथं तीन महिन्यांत मला एकदाही कुणी विचारलं नाही, कुठं निघालात म्हणून. रात्री फोनवर हे विचारायचे, "आज कुठं गेली होतीस?" आणि आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली असताना मी बोलत राहायचे नि हे ऐकत राहायचे, असं पहिल्यांदाच व्हायला लागलं.

परत आल्यावर मी वाईतही मंगळवारी दुपारी बाहेर पडते. कधी गंगापुरी, कधी रविवार पेठ, कधी घाट. "कुठं निघालात?" असं कुणी विचारलं, तर सांगते, "कुठं नाही, फिरायला." सुरुवातीला लोक थबकायचे. आता दोघी जणी सोबत येतात.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकाकडे, लेकीकडे पुण्याला जा, बंगळूरला जा, नाहीतर साता समुद्रापार जा. नातवंडांचं करा, लाडू-चिवडाही करा. पण घराचा पत्ता आणि फोन नंबर तिथल्या भाषेत कागदावर लिहून घ्या, तो पर्समध्ये ठेवा, आणि एक दिवस, एक वस्ती, एवढं स्वतःसाठी मागून घ्या. पायात बूट मात्र चांगले हवेत!