तपकिरी थराची झाडाझडती

खाऱ्या पाण्याच्या टँकमधली वाळू तपकिरी पडली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठलं औषध टाकू? सोबत फोटो येतो. निळ्या दिव्याखाली काढलेला असल्यामुळे त्यात वाळू, दगड, मासे सगळंच जांभळट. अशा फोटोवरून मी काही सांगत नाही. तपकिरी दिसणारी ही मंडळी निदान चार प्रकारची असतात, आणि एकीचा उतारा तोच दुसरीचा खुराक ठरू शकतो.

टँक नवा असेल, थर धुळीसारखा असेल आणि हाताने पाणी हलवलं की उडत असेल, तर बहुतेक वेळा ते डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं. पुण्याकडे निम्म्या सोसायट्या टँकरवर नाहीतर बोअरवर, आणि बेसाल्टच्या कातळातून आलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका चांगलीच विरघळलेली असते. आरओ ती बरीचशी अडवतो, उरलेली डीआय रेझिनने धरायची. पण रेझिन संपत आलं की आधी निसटते ती सिलिकाच. टीडीएस मीटर तेव्हाही शून्यच दाखवत असतो, कारण पाण्यात तिचे आयन फारसे होत नाहीत आणि मीटर मोजतो ते आयनच. त्यामुळे मीटरचा आकडा हलायची वाट न बघता रेझिन बदललेलं बरं. एरवी डायटमसाठी धावपळ करू नये. सिलिका संपली की ते ओसरतात.

लाल-विटकरी, मखमलीसारखी आणि पापुद्र्यासारखी सोलून निघणारी ती सायनो; ते मुळात शेवाळच नव्हे, जिवाणू आहेत. क्रायसोफाइट हा आणखी एक बुळबुळीत प्रकार, पण तो क्वचितच भेटतो.

खरा छळवाद डायनोंचा, म्हणजे डायनोफ्लॅजेलेटांचा. ते गाठतात बहुधा टापटीप माणसाला. स्किमर मोठा, खाणं मोजून, फॉस्फेट शोषणारी पूड सदैव चालू, आणि चाचणीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. हे आकडे लोक अभिमानाने सांगतात, आणि माझी शंका तिथेच बळावते. पाणी इतकं उपाशी ठेवलं की हिरवं शेवाळ आणि जिवाणू मागे पडतात. मोकळी झालेली जागा डायनो घेतात. दुपारपर्यंत वाळूवर शेंबडासारख्या तारा लोंबू लागतात, त्यांत प्राणवायूचे बुडबुडे अडकलेले. रात्री दिवे गेले की थर विरतो, सकाळी वाळू पांढरी. मालकाला वाटतं, सुटलो. गोगलगाई मात्र पटापट मरायला लागलेल्या असतात.

खात्री करायची तर तो शेंबूड पिचकारीने ओढायचा, बाटलीत जोरजोरात हलवायचा आणि कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळायचा. खाली आलेलं नितळ पाणी दिव्याखाली तासभर ठेवलं आणि त्यात पुन्हा तारा जमल्या, तर ते डायनो असण्याची शक्यता दाट. पण कुठले डायनो, हे सांगायला सूक्ष्मदर्शक हवाच. शाळकरी मुलांचा साधाही चालतो, चारशे पट दिसलं की पुरे. डायटम होडीसारखा ताठ, कडक काठाचा, सरळ रेषेत सरकणारा. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा. टोकाशी अडकल्यासारखा, दाव्याला बांधलेल्या वासरासारखा जागच्या जागी गरगर फिरतो. अँफिडिनियम चपटा, लांबट गोल, एका टोकाला लहानशी चोच. कुठेही न अडकता वाळूच्या कणांमधून घसरत जातो.

या एका फरकावर पुढचं सगळं ठरतं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात मिसळतो, म्हणून यूव्ही दिवा त्याला टिपतो. प्रवाह संथ ठेवायचा आणि पाणी थेट टँकमधून घेऊन टँकमध्येच सोडायचं. अँफिडिनियम वाळू फारशी सोडतच नाही, तिथे यूव्ही म्हणजे विजेचं बिल. त्याच्यासाठी उलट मोजूनमापून सिलिकेट घालतात, डायटम वाढवतात आणि त्यांनी जागा बळकवावी अशी वाट बघतात. ज्या सिलिकेला बाहेर ठेवायला रेझिन बदलत होतो, तीच आता थेंबाथेंबाने आत.

दोन्हींत समान ते इतकंच: फॉस्फेटची पूड काढायची, पाणी बदलणं थांबवायचं, नायट्रेट पाच-दहा पीपीएमवर आणि फॉस्फेट ०.१ च्या आसपास आणायचं. नव्या कोरड्या दगडांच्या टँकमध्ये घातलेलं फॉस्फेट दगडच पिऊन टाकतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला हवं. तीन दिवस चादर टाकून अंधार करतात. त्याने थर उतरतो, पण नुसत्या अंधाराने डायनो गेले असं मी पाहिलेलं नाही.

ऑस्ट्रिऑप्सिस दिसला तर हातमोजे घालायचे, तोंडाने नळी ओढायची नाही, आणि मेलेल्या डायनोंचं विष शोषायला कार्बन चालू ठेवायचा. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जिनोआच्या किनाऱ्यावर याच कुळातला डायनो फोफावला होता. लाटांच्या तुषारांतून त्रास होऊन दोनशेच्या वर माणसं ताप-खोकल्याने डॉक्टरांकडे गेली. त्याची विषं पॅलिटॉक्सिनची भावंडं, आणि पॅलिटॉक्सिन काही झोआन्थिड प्रवाळांतही असतं, जे आपण हौसेने दगडावर चिकटवतो. गंमत म्हणजे प्रवाळांना पोसणारी झूझँथेलीही डायनोफ्लॅजेलेटच.

काही आठवड्यांनी काचेवर हिरवट थर धरू लागतो आणि मालक पुन्हा तक्रार करतो, आता हे काय? तो थर निदान समोरची काच सोडून बाकी तीन काचांवर तसाच राहू द्यावा आणि नव्या गोगलगाई एकदम न आणता आधी एक-दोनच सोडून बघाव्यात.