खिशातील घड्याळांवरील चांदीचे हॉलमार्क

खिशातील घड्याळांवरील हॉलमार्क म्हणजे साखळीच्या जुन्या घड्याळांच्या चांदीच्या केसवर ठोकलेल्या अधिकृत मोहरा. त्यांवरून चांदीची शुद्धता आणि ती तपासणारे शहर वा देश कळतो. इंग्लिश मोहरांवरून तपासणीचे वर्षही कळते. हा काळ केसचा असतो. आतील यंत्राचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा लागतो.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण पुणे–मिरज लोहमार्गावर आहे. हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने १९व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. रेल्वेच्या वेळापत्रकामुळे दैनंदिन व्यवहारात मिनिटांना महत्त्व आले. रेल्वे, सैन्य व सरकारी कचेऱ्यांतील नोकरदारांमध्ये खिशातील घड्याळांचा वापर वाढला. ही घड्याळे प्रामुख्याने मुंबईच्या बाजारातून येत. फावर-ल्युबा व वेस्ट एंड वॉच कंपनी ही तेथील व्यापारातील प्रसिद्ध नावे होत.

ब्रिटिश भारतात चांदीच्या शुद्धतेची सक्तीची सरकारी तपासणी नव्हती. भारतीय मानक ब्यूरोची चांदीसाठीची हॉलमार्क योजना २००५ मध्ये सुरू झाली. त्यामुळे वारसाने आलेल्या जुन्या घड्याळावर अधिकृत मोहर आढळल्यास ती सहसा परदेशी, बहुधा इंग्लिश किंवा स्विस, असते.

मोहरांची जागा

मोहरा मागच्या झाकणाच्या आतील बाजूस, यंत्रावरील आतल्या झाकणावर आणि कधी साखळी अडकवण्याच्या कडीवर असतात. एकाच केसच्या निरनिराळ्या भागांवरील मोहरा व अनुक्रमांक जुळत नसतील, तर एखादा भाग नंतर बदलला गेल्याची शक्यता असते.

इंग्लिश मोहरा

इंग्लंडमध्ये बनलेल्या केसवर सामान्यतः चार चिन्हे असतात. पाऊल उचललेला चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, अर्थात स्टर्लिंग. दुसरे चिन्ह परीक्षण-शहराचे असते : लंडनसाठी बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमसाठी जहाजाचा नांगर आणि चेस्टरसाठी तलवार व गव्हाच्या तीन पेंढ्या. तिसरे वर्षाक्षर आणि चौथी केस तपासणीस देणाऱ्या कारागिराची वा पेढीची आद्याक्षरे. ही आद्याक्षरे यंत्र बनवणाऱ्याची असतातच असे नाही.

वर्षाक्षर एकटे वाचल्यास कालनिर्णय चुकतो, कारण प्रत्येक शहराची अक्षरमाला वेगळी होती आणि तीच अक्षरे पुन्हा येत. लंडनमध्ये २० अक्षरांची माला वापरली जाई व अक्षर मे महिन्यात बदले. तेथील साधे मोठे ‘सी’ १८७८–७९ चे, साधे लहान ‘सी’ १८९८–९९ चे, तर गॉथिक वळणाचे लहान ‘सी’ १८५८–५९ किंवा १९१८–१९ चे असू शकते. म्हणून प्रथम शहर, नंतर अक्षराचे वळण आणि शेवटी अक्षराभोवतीच्या चौकटीचा आकार पाहावा लागतो.

इंग्लंडमध्ये १७८४ ते १८९० या काळात चांदीच्या वस्तूंवर कर भरल्याची खूण म्हणून राजा किंवा राणीचे मस्तक ठोकले जाई. घड्याळांच्या केसना १७९८ पासून या करातून सूट होती. त्यामुळे हे मस्तक नसणे हा बनावटपणाचा पुरावा ठरत नाही.

आयात-मोहरा

ब्रिटनमध्ये आयात होणाऱ्या घड्याळांच्या केसची तेथील कार्यालयांत तपासणी १ जून १९०७ पासून सक्तीची झाली. अशा केसवर चालता सिंह नसतो. ‘·९२५’ हा आकडा, वर्षाक्षर आणि परीक्षण-शहराचे वेगळे चिन्ह असते. लंडनसाठी सिंह राशीची खूण, तर बर्मिंगहॅमसाठी त्रिकोण वापरला जाई. स्वित्झर्लंडहून थेट मुंबईस आलेल्या घड्याळांना हा नियम लागू नव्हता. त्यामुळे आयात-मोहर नाही एवढ्यावरून भारतातील घड्याळ १९०७ पूर्वीचे ठरवता येत नाही.

स्विस मोहरा

स्वित्झर्लंडमध्ये मौल्यवान धातूंच्या तपासणीचा संघराज्यीय कायदा २३ डिसेंबर १८८० रोजी संमत झाला. उभे अस्वल ०·८७५ शुद्धता, तर ग्राउज नावाचा रानपक्षी ०·८०० शुद्धता दर्शवतो. तीन अस्वले ०·९३५ शुद्धता दाखवतात. ही मोहर ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर प्रचारात आली. ०·९२५ साठीचे बदक १९३४ पासून दिसते. या मोहरांत वर्षाक्षर नसल्यामुळे त्यांवरून नेमके वर्ष न कळता केवळ कालखंड कळतो.

केस आणि यंत्र

दुरुस्ती करताना घड्याळजी एका घड्याळाचे यंत्र दुसऱ्याच्या केसमध्ये बसवत असत. त्यामुळे यंत्राचा अनुक्रमांक स्वतंत्रपणे तपासावा लागतो. तबकडीवरील नाव अनेकदा विक्रेत्याचे असते. वेस्ट एंडच्या नावाने विकल्या गेलेल्या काही घड्याळांत लाँजिन कंपनीची यंत्रे आढळतात. एखादे घड्याळ पणजोबांना अमुक साली मिळाले अशी आठवण असेल आणि केसवरील वर्ष त्याच्या आधीचे असेल, तर त्यात विसंगती नाही. घड्याळ तपासणीनंतर काही वर्षांनी विकले गेलेले किंवा जुने घेतलेले असू शकते. केसवरील वर्ष नंतरचे निघाल्यास मात्र केस बदलली गेली, की आठवणीत दोन घड्याळांची गल्लत झाली, हे पाहावे लागते.

चांदीसारखे धातू

जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी नसते. ‘अल्पाका’ व ‘अर्जेंटान’ ही त्याच प्रकारच्या धातूची नावे आहेत. नुसता सिंह किंवा मुकुट दिसल्याने केस चांदीची ठरत नाही. मोहरांचा संच परस्परांशी सुसंगत असावा लागतो.

जतन व कायदा

वारंवार पॉलिश केल्याने मोहरा झिजतात आणि कालनिर्णयाचा पुरावा नाहीसा होतो. मोहरांचे वाचन भिंगाखाली, तिरक्या प्रकाशात केले जाते. घड्याळ मोडीत घातल्यास केवळ चांदीच्या वजनाचे मोल मिळते. केस वितळवली जाते आणि यंत्र निराधार होते. त्यामुळे मोडीपूर्वी मोहरा, अनुक्रमांक व तबकडी यांची छायाचित्रे घेणे उपयुक्त ठरते. १०० वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकतात आणि पुरावस्तूंच्या खासगी निर्यातीस बंदी आहे. अशा घड्याळाच्या बाबतीत हॉलमार्कवरून काढलेल्या वर्षाला कायदेशीर महत्त्वही प्राप्त होते.