उन्हाळ्याचे पाणी आणि गावचा ठराव

वैशाखातल्या एखाद्या सकाळी आपण पंचायत समितीच्या कचेरीत गेला असाल, तर तेथील व्हरांडा आपल्या ओळखीचा असेल. चार-सहा गावची मंडळी हातात कागदाची गुंडाळी धरून बसलेली असतात. मागणी सगळ्यांची एकच : आमच्या गावाला टँकर द्या. आतला कारकून विचारतो, "ठराव आणलाय का?" ठराव असतो, पण त्यात लोकसंख्या घातलेली नसते. लोकसंख्या असली तर सार्वजनिक विहिरी किती, हातपंप किती, त्यांतले चालू किती, हे नसते. मंडळी उन्हातान्हात परत फिरतात आणि गावात जाऊन सांगतात, "सरकार ऐकत नाही."

सरकार ऐकत नाही, हे कधी कधी खरेही असते. पण पुष्कळदा असे होते की, उन्हाळ्याची जी व्यवस्था आपल्यासाठी ठरलेली आहे, ती मागावयाची कधी आणि कोणाकडे, हेच आपल्याला ठाऊक नसते. त्याबद्दल आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. शिक्षक बंधुभगिनींनी विशेष लक्ष द्यावे. गावात कागद लिहिण्याची वेळ आली की मंडळी शेवटी तुमच्याच दाराशी येतात.

आधी कचेऱ्यांचा घोळ सोडवू. पूर्वी जिल्ह्याला लोकल बोर्ड असे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुंबईचे दोन जिल्हे सोडले तर बाकीच्या ३४ जिल्ह्यांना जिल्हा परिषद आहे. तालुक्याला पंचायत समिती आणि गावाला ग्रामपंचायत. दुसरी साखळी महसुलाची : कलेक्टर, प्रांत, मामलेदार. पाण्याच्या कामी दोन्ही साखळ्या लागतात. टंचाई आहे असे ठरविणे, मंजुरी आणि पैसा देणे, हे महसुलाकडे. नळयोजनेची दुरुस्ती, विंधनविहीर, गावात टँकर पोहोचविणे, ही कामे बहुतेक जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या माणसांकडे. म्हणून एका दारी दिलेल्या अर्जाची चौकशी आपण दुसऱ्या दारी करीत बसतो. ठराव बीडीओसाहेबांकडे, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावा, त्याची एक प्रत मामलेदार कचेरीत द्यावी आणि दोन्हीकडे पोच घ्यावी. पोच घ्यावयास पुष्कळांना संकोच वाटतो. वाटू नये.

मी कॉलेजात शिकवितो. एका उन्हाळ्यात मुलांचे श्रमशिबिर घेऊन एका खेड्यात गेलो होतो. गावचे नाव सांगत नाही. सांगितले तर भांडण लागेल. गावच्या आडात घोटभर पाणी. बायका रात्री दोन वाजता उठून दोर सोडीत आणि तांब्या-तांब्याने हंडा भरीत. मी सरपंचांना विचारले, "ठराव केला नाही का?" ते म्हणाले, "केला की! महिना झाला." शोध घेतला तेव्हा ठराव गावातच सापडला, पंचायतीच्या कपाटात. सरपंचांना वाटत होते की ग्रामसेवकांनी नेला, ग्रामसेवकांना वाटत होते की सरपंचांनी. ठराव दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेला, पाहणी झाली, मंजुरी आली. टँकर गावात आला आणि चौथ्या दिवशी पाऊस पडला. त्या महिन्याभरात एका मुलीचा आडात तोल गेला होता. पाणी कमी म्हणून ती वाचली, पण पाय कायमचा अधू झाला.

तेव्हा, मंडळी, प्रश्न वेळेचा आहे. सरकारी हिशेबात टंचाईचा काळ ऑक्टोबरपासून जूनपर्यंत धरतात आणि त्याचे तीन भाग करतात : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. प्रत्येक भागाचा टंचाई कृती आराखडा अगोदर तयार होतो. कोणत्या गावाला काय लागेल आणि खर्च किती येईल, हे त्यात मांडलेले असते. आराखड्यात नाव नाही म्हणून गावाला पाणी मिळतच नाही असे नव्हे, पण मग सगळे कागद शून्यापासून चालवावे लागतात.

हा अंदाज हिवाळ्यात कसा बांधता येतो, असे कोणी विचारील. आपल्या राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या कातळावर बसलेला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत. वाळूच्या प्रदेशासारखे खोलवर मुरून राहत नाही. पावसाळा सरताना विहिरीला पाणी किती आहे, यावरून ती कोणत्या महिन्यात तळ दाखवील ते बरेचसे कळते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे लोक ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात ती याचसाठी. त्यांचे मोजमाप आपल्या शिवारातल्या प्रत्येक विहिरीपर्यंत पोहोचत नाही. ते काम शाळेतल्या मुलांना सहज करता येते. दोराला दगड बांधावा, दर पंधरवड्याला पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि वहीत तारखेसह लिहावे. अशी दोन-तीन वर्षांची वही ठरावासोबत जोडली, तर पाहणीला आलेल्या साहेबांना दुसरा पुरावा लागत नाही.

यावरून पाण्याचा विषय कोणत्या ग्रामसभेत घ्यावयाचा ते उघड आहे. बहुतेक गावी ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होतात. पाण्यावरून आरडाओरड होते ती १ मेच्या सभेत. पण एप्रिल ते जूनचा आराखडा तोवर होऊन गेलेला असतो. खरी सभा २६ जानेवारीची, आणि त्या दिवशी झेंडावंदन झाले की निम्मे लोक घरी जातात! सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी असेल तितके लोक लागतात. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. पाण्याचा ठराव तेथेच व्हावा, असे मला वाटते. कोणत्या विहिरीचे पाणी कधी आटते, हे पुरुषांपेक्षा त्यांना नेमके ठाऊक असते.

मागावयाचे काय? आपण टँकरच मागतो. वास्तविक टँकर हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी हातपंपाची दुरुस्ती, विहिरीतला गाळ काढणे, विहीर खोल करणे, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, नवी विंधनविहीर, तात्पुरती नळयोजना, इतके उपाय यादीत आहेत. ओढ्याच्या वाळूत खड्डा घेऊन झिरपलेले पाणी धरणे, हाही त्यांतलाच एक. सरकारी भाषेत त्याला बुडकी म्हणतात. आणखी एक चांगला उपाय म्हणजे खासगी विहिरीचे अधिग्रहण. गावात एखाद्याच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी असते. ती विहीर काही महिन्यांपुरती गावासाठी घेता येते आणि मालकाला ठरलेल्या दराने मोबदला मिळतो. पैसे उशिरा मिळतात, ही मालकांची तक्रार रास्त आहे. तरी दहा कोसांवरून टँकर येण्यापेक्षा हे पाणी लवकर मिळते आणि स्वस्त पडते.

टँकर लागलाच तर हिशेब असा. ग्रामीण भागात टंचाईच्या काळात माणशी दिवसाला २० लिटर पाणी धरतात. १,५०० वस्तीच्या गावाला ३०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. आता समजा, ठराव लिहिणाऱ्याने ३०० माणसांची एक वाडी धरलीच नाही. रोजचे ६,००० लिटर गेले! ऊसतोडीला गेलेली कुटुंबे नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्यांचे पाणी कोणी धरावयाचे? २०१९ च्या टंचाईत जनगणनेचा २०११ चा जुना आकडा बाजूला ठेवून २०१८ ची लोकसंख्या धरावयाचे ठरले होते, ते याच कारणाने. ठरावात वाड्या-वस्त्यांची नावे आणि माणसे वेगवेगळी लिहावीत. टँकर किती वाजता आला आणि किती खेपा झाल्या, हे लॉगबुकात लिहितात आणि त्यावर गावच्या माणसाची सही घेतात. खेप पाहिल्यावाचून सही करू नये.

आलेले पाणी शुद्ध असतेच असे नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे टीसीएल पावडर असते. ताजी पावडर १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम लागते. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित घालून पाहा : विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर. व्यासाचा वर्ग १६, गुणिले ३, गुणिले ३.१४, भागिले ४. उत्तर सुमारे ३७.७ घनमीटर, म्हणजे ३७,७०० लिटर. पावडर लागेल जवळजवळ १९० ग्रॅम. ती बादलीत कालवून, निवळी तेवढी विहिरीत ओतावी आणि तासभर पाणी शेंदू नये. पावडर उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. गेल्या वर्षीचे अर्धे पोते घातल्याने समाधान तेवढे मिळते. एवढे करूनही कोणाला जुलाब लागलेच, तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजीत राहावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना शाळेतले दुपारचे जेवण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आणि पुन्हा मे २०१६ मध्ये सांगितले. अशा वर्षी शाळेला कुलूप लावून गावी जाण्याआधी केंद्रप्रमुखांना विचारून घ्यावे. पालक आपण होऊन विचारीत नाहीत. कारण असे काही असते, हेच त्यांच्या कानावर गेलेले नसते.

आणि जाता-येता पंचायतीच्या कचेरीत डोकवावे. आरोग्य खात्याचे लोक वर्षातून दोनदा पाण्याच्या ठिकाणांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतात. हिरवे असले तर ते भिंतीवर दिसेल. दिसले नाही, तर मागून पाहावे. लाल असले तर पुढच्या ग्रामसभेच्या नोटिशीत तो विषय घालावयास सांगावे. नोटीस सभेच्या सात दिवस आधी निघते, हे मात्र ध्यानात असू द्यावे.